औषधाला न जुमानणारे जंतू

क्षयाचा जंतू १८८२ साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने शोधून काढला. परंतु त्यावर गुणकारी औषध सापडावयास आणखी साठ वर्षे लागली. १९४३ साली अमेरिकेत सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाने मातीतील एका सूक्ष्म जीवापासून स्ट्रेप्टोमायसिन हे औषध मिळविले.

१९४७ साली ब्रिटनमधील डॉक्टरांनी १०७ क्षयरोग्यांवर त्याची परीक्षा घेतली. औषध अपुरे होते. म्हणून ५५ रोग्यांना औषध व विश्रांती, तर ५२ जणांना केवळ विश्रांती देण्यात आली. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ आणि दुसऱ्या गटातील १४ रोगी दगावले. औषधाचा हा केवढा विजय! परंतु पाच वर्षांनी पाहतात तो पहिल्या गटातील मृतांची संख्या ३२ आणि दुसऱ्या गटातील ३५ झाली होती. विजय जवळजवळ हातचा गेला होता.

असे का झाले? रोग्याच्या शरीरात कोट्यवधी जंतू असतात. त्यांपैकी एखाद-दुसरा मुळातच असा असतो, की औषधाने तो मरत नाही. बाकीचे मरतात, हा उरतो आणि आपल्यासारखेच असंख्य जंतू निर्माण करतो. शेतातील कोवळे तण उपटले आणि हरळी तेवढी राहिली, तर मोकळ्या रानात तीच फोफावते. तसेच हे होय.

यावर डॉक्टरांनी उपाय शोधला. त्यांनी दोन निरनिराळी औषधे एकदम देण्यास प्रारंभ केला. एका औषधातून जो जंतू निसटे, त्याला दुसरे औषध गाठी. म्हणूनच आजही क्षयरोग्याला अनेक औषधे एकत्र देतात आणि ती साधारणपणे सहा महिने घ्यावयास सांगतात.

परंतु काही आठवड्यांतच खोकला कमी होतो, ताप उतरतो, आणि 'आता मी बरा झालो' असे समजून रोगी औषध सोडून देतो. त्या वेळी शरीरात चिवट जंतूच मागे राहिलेले असतात. पुढे ते बळावतात, आणि रोगी खोकला की हवेतून दुसऱ्याच्या फुप्फुसात शिरतात. ज्याने ते औषध कधी चाखलेही नाही, त्याच्यावरही मग ते चालत नाही. त्याला पुष्कळदा अधिक दिवस, अधिक महाग आणि अधिक त्रासदायक औषधे घ्यावी लागतात. कित्येकदा प्राणही गमवावे लागतात.

मुलांनो, घरात कोणी औषध अर्धवट सोडू लागले, तर त्यांना हे अवश्य सांगा. डॉक्टरांनी सांगितलेले औषध शेवटपर्यंत घेणारा मनुष्य स्वतःबरोबर आपल्या शेजाऱ्याचेही रक्षण करीत असतो.