ड्रिफ्ट म्हणजे गाडी घसरवणं नव्हे

जुलै 2025 मध्ये सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात, सडावाघापूरच्या टेबल पॉइंटवर, एक तरुण मोटारीसह सुमारे 300 फूट खोल दरीत कोसळला. पठारावरचं गवत पावसानं ओलं होतं आणि तो त्यावर गाडी गोल फिरवत होता. तो वाचला, पण गंभीर जखमी होऊन. बातम्यांचे मथळे होते ‘ड्रिफ्टिंग करताना अपघात’.

हा शब्द आता हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या पोरांच्याही तोंडी आहे. हिंगोली जिल्ह्यात रेस ट्रॅक नाही. एमएच 38 पाटीची गाडी घेऊन हौशी ड्रिफ्टिंगला जायचं म्हटलं तर आधी जिल्हा, बहुतेकदा राज्यच सोडावं लागतं. त्यामुळे हा खेळ इथे पोचतो तो फक्त रीलमधून. रीलमध्ये धूर दिसतो, टायरचा आवाज ऐकू येतो. पण ट्रॅकची आखणी, तपासणी, झेंडे घेऊन उभी माणसं आणि रुग्णवाहिका यांतलं काही दिसत नाही. गैरसमज तिथूनच सुरू होतात. खेळ खरोखर सुंदर आहे, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

पहिला आणि सगळ्यांत पक्का गैरसमज असा, की हँडब्रेक ओढला, गाडीचा मागचा भाग फिरला, म्हणजे ड्रिफ्ट झाला. हे अर्धंसुद्धा खरं नाही. मागची चाकं सुटणं ही फक्त सुरुवात. त्यानंतर स्टेअरिंग वळणाच्या उलट बाजूला कापायचं, ॲक्सिलरेटर कमी-जास्त करत मागच्या चाकांना जोर देत राहायचं, आणि गाडी तिरकी ठेवूनच आखलेल्या रेषेवरून न्यायची, याला ड्रिफ्ट म्हणतात. घसरण टिकवणं आणि हवी तिथे संपवणं, दोन्ही चालकाच्या हातात असावं लागतं.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हे जमतच नाही, कारण इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो. स्विफ्ट घ्या किंवा आय-ट्वेंटी. हँडब्रेक ओढल्यावर तिची मागची चाकं जाम होतात, गाडी गर्रकन फिरते आणि थांबते किंवा कुठेतरी आदळते. मागच्या चाकांना जोर देऊन घसरण लांबवण्याची सोयच तिच्यात नाही. रीलमध्ये जे सेकंदभर दिसतं ते नियंत्रण नव्हे, ते सुटलेलं नियंत्रण असतं.

मग कोणी म्हणतं, “आमची बोलेरो मागच्या चाकांवर चालते की!” हा युक्तिवाद सर्वांत धोक्याचा, म्हणून इथे जरा थांबायला हवं. स्कॉर्पिओ, बोलेरो यांसारख्या गाड्यांत इंजिनाचा जोर मागच्या चाकांना जातो हे खरं. पण त्या उंच आहेत. गाडी आडवी घसरते तेव्हा टायर रस्त्याला धरून ठेवू पाहतात आणि वरचं वजन पुढे जाऊ पाहतं. वजनाचा मध्य जितका उंच, तितकी ती कलंडायला सोपी. त्यात घसरणारं चाक कशाला तरी अडलं की काम संपलंच. अपघातांच्या अभ्यासात गाड्या पलटण्याचे बहुतेक प्रकार असेच आढळतात: आडवं जाणारं चाक दुभाजकाला, खड्ड्याच्या कडेला किंवा मऊ मातीला अडतं आणि गाडी उलटते. आपल्या रस्त्यांची साईडपट्टी आठवा. डांबराच्या कडेला बोटभर, कधी वीतभर खाच, आणि खाली काळी माती. पावसाळ्यात ती चाक गिळते. आडव्या आलेल्या बोलेरोला पलटायला याहून जास्त काही लागत नाही.

साध्या गाड्यांचं डिफरन्शियलही ड्रिफ्टसाठी बनवलेलं नसतं. वळणात आतलं चाक हलकं होतं, सगळा जोर तिकडेच जातो आणि ते एकटंच फिरत राहतं. म्हणून ड्रिफ्टच्या गाडीत दोन्ही मागची चाकं एकत्र फिरतील असं डिफरन्शियल बसवतात. स्पर्धेच्या गाडीत आतून पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो. रस्त्यावर चालवायच्या गाडीत मनाने केलेले बदल मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकतात.

दुसरी समजूत वेगाची. लोकांना वाटतं, ड्रिफ्ट म्हणजे भन्नाट वेग. वेगाचा विक्रम आहे खरा: एप्रिल 2016 मध्ये मासातो कावाबाता या जपानी चालकाने निसान जीटी-आर ताशी 304.96 किलोमीटर वेगाने ड्रिफ्ट केली. ती कुठे? संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैराच्या विमानतळावर, रिकाम्या धावपट्टीवर. हौशी कार्यक्रमातलं गणित फार वेगळं असतं. 15 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात, कोरड्या चांगल्या डांबरावर, साधारण ताशी 39 किलोमीटरला टायरची पकड संपते. त्याच वर्तुळात पाणी शिंपडून पकड निम्मी केली तर 28 किलोमीटरलाच गाडी सुटते. म्हणूनच शिकवताना ट्रॅकवर पाणी मारतात. वेग कमी लागतो, टायर वाचतात, आणि चूक झाली तर गाडी मोकळ्या जागेत फिरून थांबते. नवशिका आधी एका शंकूभोवती गोल फिरायला शिकतो, मग दोन शंकूंभोवती इंग्रजी आठचा आकडा काढतो, आणि तो हातात बसल्यावरच त्याला जोडवळणं मिळतात.

आता हेच गणित महामार्गावर मांडून पाहा. अकोल्याहून वाशिम, हिंगोली करत नांदेडला जाणाऱ्या 161 क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गावर 80 चा वेग काही विशेष नाही. त्या वेगात कोरड्या रस्त्यावर पकड सुटली तर गाडी थांबायला निदान 32 मीटर लागतात, ओल्यावर याच्या दुप्पट. शिवाय ती तिरकी झालेली असते. स्विफ्टची लांबी 3.86 मीटर, रुंदी 1.735 मीटर. 45 अंशांत तिरकी झाली की ती जवळजवळ 4 मीटर रुंदी व्यापते. महामार्गाची एक लेन असते 3.5 मीटरची. म्हणजे चालक कितीही कसबी असो, 45 अंशांत ड्रिफ्ट करणारी गाडी आपल्या लेनमध्ये मावतच नाही. शेजारच्या लेनमध्ये हळदीच्या हंगामात वसमतच्या मोंढ्याकडे निघालेला ट्रॅक्टर असतो, ट्रॉलीला मागे दिवा नसतो, आणि पोत्यांवर माणसं बसलेली असतात. त्यांनी या खेळात नाव दिलेलं नाही.

ड्रिफ्ट करणारा आधी पोचतो, अशीही एक समजूत आहे. डांबरी शर्यतीत गाडी जितकी घसरेल तितका वेळ वाया जातो, कारण टायरची पकड आडवं जाण्यात खर्च होते. मातीच्या रॅलीत घसरण उपयोगी पडते, पण तो वेगळा खेळ. ड्रिफ्टच्या स्पर्धेत घड्याळ विजेता ठरवत नाही. परीक्षक तीन गोष्टींना गुण देतात: आखलेल्या रेषेवरून गाडी गेली का, किती कोनात गेली, आणि चालवण्यात ढब किती. पुढच्या फेरीत दोन गाड्या एकामागे एक सोडतात. मागच्याने पुढच्याला सावलीसारखं चिकटायचं, पण धडकायचं नाही. हे बघताना कळतं की हा खेळ धाडसाचा कमी आणि मापाचा जास्त आहे.

हे सगळं 2006 च्या ‘टोकियो ड्रिफ्ट’ या चित्रपटाने सुरू केलं असं अनेकांना वाटतं. तसं नाही. 1970 च्या दशकात जपानच्या मोटार शर्यतींत कुनिमित्सु ताकाहाशी वळणात गाडी तिरकी घालत असे. हाच माणूस 1961 मध्ये मोटारसायकलची ग्रांप्री जिंकणारा पहिला जपानी. त्याचं पाहून केइची त्सुचिया घाटरस्त्यांवर तालीम करू लागला आणि पुढे ‘ड्रिफ्ट किंग’ म्हणून ओळखला गेला. म्हणजे मुळाशी घाट आहेच, आणि पोरं नेमकं तेवढंच उचलतात. पण खेळ म्हणून ड्रिफ्ट उभा राहिला तो ट्रॅकवर: 2001 पासून जपानची डी-वन ग्रांप्री मालिका, 2004 पासून अमेरिकेची फॉर्म्युला ड्रिफ्ट, आणि 2017 मध्ये एफआयए या जागतिक संघटनेने टोकियोत भरवलेला पहिला आंतरराष्ट्रीय चषक.

कायद्याबद्दल दोन समजुती फार महागात पडतात. एक, “रस्ता नाही, मैदान आहे, मग पोलिसांचा काय संबंध?” मोटार वाहन कायदा 1988 मध्ये सार्वजनिक जागेची व्याख्या रस्त्यापुरती नाही. जिथे लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा, अगदी एसटी थांबासुद्धा, तीत येते. अशा जागी राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय गाड्यांची शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर कलम 189 लागतं. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ती भाग घेणाऱ्याला आहे, तशी शर्यत होऊ देणाऱ्यालाही आहे. एकट्यानेच गाडी फिरवली तरी धोकादायक चालवण्याचं कलम 184 आहेच. आणि गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती असेल तर कलम 199अ खाली पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, वर्षभर नोंदणी रद्द, आणि मुलाला 25 व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. वडिलांच्या गाडीची किल्ली उचलणाऱ्या मुलाला हे कोणीतरी घरात बसवून सांगायला हवं.

दुसरी समजूत, “विमा आहे ना!” खासगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत ठरवून केलेली शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. 2 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट कायम केली. स्वतःच्याच बेदरकार चालवण्याने, दुसऱ्या वाहनाचा दोष नसताना चालक मेला, तर त्याच्या वारसांना मोटार अपघाताच्या दाव्यातून विमा कंपनीकडून भरपाई मिळत नाही. गावातल्या किती घरांत कमावता हात तोच असतो. ट्रॅकवर गेल्यावरही जुनी पॉलिसी चालत नाही. तिथे जबाबदारी स्वीकारल्याच्या पत्रावर सही घेतात, आणि सही करण्याआधी विम्याचं आयोजकाला विचारून घ्यावं.

परवानगी घेऊन काही होतच नाही, ही तक्रारही खरी नाही. आपल्याकडच्या शंकरपटाचंच, म्हणजे बैलांच्या शर्यतींचंच पाहा. 2014 मध्ये बैलगाडा शर्यती बंद झाल्या, राज्याने कायदा केला, आणि 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो मान्य केला. आज जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने पट भरतात. मोटारींचंही तसंच आहे. 11 फेब्रुवारी 2023 रोजी हैदराबादेत हुसेनसागराच्या काठावर, शहराच्या रस्त्यांवर, रीतसर परवानगीने फॉर्म्युला ई ची जागतिक शर्यत झाली.

हौशी माणसाला रस्ता कुठून जातो, तेही सांगतो. देशातल्या मोटार खेळांची मान्यताप्राप्त संघटना म्हणजे एफएमएससीआय, 1971 पासूनची. स्पर्धेत उतरायचं तर तिचं लायसन्स लागतं. नावाजलेले मोठे ट्रॅक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोइंबतूरला आणि ग्रेटर नोएडाला आहेत. सुरुवात मात्र कार्टिंगपासून करावी. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमीचा ट्रॅक आहे, आणि गाडीचं वजन कुठे सरकतं, पकड कधी सुटते, हे कार्टमध्ये थोड्या पैशांत कळतं. पुण्याचे संजय टकले हे महाराष्ट्रातून आंतरराष्ट्रीय रॅलींपर्यंत पोचलेलं नाव आहेच.

ट्रॅकवरच्या हौशी दिवसाला जाणाऱ्याने गाडीतून सुटं सामान काढून ठेवावं. बाटली ब्रेकखाली गेली तर ब्रेक लागत नाही. बॅटरी पक्की बांधलेली, तेलाची गळती नाही, पुढे-मागे ओढायचा हूक शाबूत, हे गेटवर तपासतात. हेल्मेट, पायात बंद बूट, अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे. गाड्या सुटण्याआधी झेंड्यांचे अर्थ सांगतात, तेव्हा मोबाइल खिशात ठेवून ऐकावं. लाल झेंडा दिसला की घसरण मध्येच सोडून गाडी सावकाश आत आणायची असते. आणि मागच्या चाकांसाठी जुन्या टायरची एक जादा जोडी सोबत न्यावी, कारण घालून नेलेली जोडी त्याच दिवशी संपते आणि त्याच गाडीने परत हिंगोलीला यायचं असतं.