पित्ताशय काढल्यावर जेवायचे कसे?

दोन महिन्यांपूर्वी एक आजी तपासायला आल्या. पित्ताशयातील खड्यांसाठी तीन महिन्यांआधी ऑपरेशन झालेले. जखम छान भरली होती, पण वजन सहा किलोंनी घटले होते आणि चार पावले चालताच थकवा येत होता. तपासण्यांत दुसरा दोष निघाला नाही. चौकशी केली तेव्हा कळले, की शेजारणीच्या सल्ल्यावरून त्या रोज केवळ मऊ भात आणि वरणाचे पाणी घेत होत्या. "पित्ताची पिशवीच काढली, आता अन्न पचणार कसे, डॉक्टर?"

हा गैरसमज अनेक घरांत आढळतो. पित्त पिशवीत नव्हे, यकृतात तयार होते. पिशवी ते साठवते, दाट करते आणि स्निग्ध पदार्थ पोटात गेले की आतड्यात सोडते. पिशवी काढल्यावर पित्त थोडे थोडे सतत आतड्यात उतरत राहते. साध्या जेवणाला ते पुरते. मात्र एकदम फार तेलकट खाल्ले तर पोट फुगते, जुलाब होतात.

म्हणून पहिले तीन-चार आठवडे दोन वेळा भरपेट जेवण्याऐवजी चार-पाच वेळा थोडे थोडे खावे. मऊ भात, मुगाचे वरण, भाकरी किंवा फुलका, दुधी, दोडका, ताक, केळे, पपई चालते. मांसाहारी मंडळींनी उकडलेले अंडे, कमी तेलातले मासे घ्यावेत. तेल-तूप पूर्ण बंद करू नये. दिवसभरात तीन-चार लहान चमचे विभागून घ्यावे. भजी, फरसाण, तर्री, साय आणि चरबीचे मटण टाळावे. हरभरा, वाटाणा, कोबी हळूहळू सुरू करावे. एका वेळी एकच नवा पदार्थ घ्यावा, म्हणजे काय सोसत नाही ते कळते. पुढे बहुतेकांना नेहमीचे घरचे जेवण चालते. जन्मभर पथ्य लागत नाही.

काहींना सुरुवातीला जुलाब होतात व ते आपोआप थांबतात. महिनाभर टिकले तर डॉक्टरांना दाखवावे, त्यावर औषध आहे. पण ताप, डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, पोटात तीव्र कळ किंवा सतत उलट्या यांपैकी काहीही झाले, तर घरगुती उपाय करत बसू नये. त्याच दिवशी सर्जनला गाठावे. नळीत खडा राहिलेला किंवा पित्त झिरपत असू शकते.

आजी गेल्या आठवड्यात पुन्हा आल्या. वजन दोन किलोंनी वाढले होते. ऑपरेशनने पिशवी गेली होती. ताकद मात्र उपाशी राहिल्याने गेली होती.