प्रभाव आणि ग्रहण : फोर्स्कोलिनचे उदाहरण

तौलनिक साहित्याभ्यासात प्रभावाची कल्पना पुष्कळदा उगमाकडून ग्राहकाकडे जाणाऱ्या सरळ रेषेसारखी केली जाते. औषधी रसायनशास्त्रज्ञ नोएल डिसोझा यांचे संशोधनकार्य ही कल्पना तपासून पाहण्यास उपयुक्त ठरते.

मुंबईत मुलुंड येथील हेक्स्ट संशोधन केंद्रात डिसोझा, सुजाता भट व सहकाऱ्यांनी एका वनस्पतीच्या मुळांतून काढलेल्या डायटर्पिनाची संरचना १९७७ साली प्रसिद्ध झाली. ही मुळे मराठीत माईनमूळ, तर गुजरातीत गरमर या नावाने परिचित असून त्यांचे लोणचे घालतात. रेणूला मिळालेले 'फोर्स्कोलिन' हे नाव मात्र वनस्पतीच्या शास्त्रीय नावामार्गे अठराव्या शतकातील स्वीडिश निसर्गवैज्ञानिक फोर्स्कोल याच्याकडे जाते. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत त्याच सुमारास मिळालेले 'कोलिओनॉल' हेही तेच द्रव्य असल्याचे पुढे स्पष्ट झाले.

रक्तदाब उतरवणाऱ्या व हृदयाचे आकुंचन बळकट करणाऱ्या औषधाचा शोध, ही या कार्यामागील दृष्टी होती. १९८१ साली अमेरिकेतील सीमन, पॅजेट व डॅली यांनी हा रेणू संप्रेरकावाचूनही अ‍ॅडेनिलेट सायक्लेज या विकराला चेतवतो, असे दाखवले. परिणामी पेशींतील संदेशवहन अभ्यासणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांचे ते नित्याचे साधन बनले.

म्हणजे प्रभावाची दिशा ग्राहकाच्या प्रश्नांनी ठरवली. तथापि उगम त्यामुळे गौण ठरत नाही. मुलुंडमध्ये द्रव्य शुद्ध रूपात हाती आले व त्याची संरचना निश्चित झाली, म्हणूनच तो प्रश्न विचारता आला.