वनभोजनांतील घेवडा

कार्तिकी एकादशी झाली, चातुर्मास्य सुटलें, कीं आमच्या सातारा-सांगलीकडील घरांतून आवळीभोजनाचीं बोलणीं निघूं लागतात. सातारकर मंडळी संगम माहुलीस कृष्णा-वेण्णेच्या कांठीं जाते. सांगलीकर हरिपुरास कृष्णा-वारणेच्या संगमावर जातात. आणि ज्यांस तितकेंही जमत नाहीं ते कोणाच्या तरी मळ्यांत आवळीचें एखादें झाड हेरून पथारी पसरतात. रिवाज जुना आहे व अद्याप टिकला आहे, ही आनंदाचीच गोष्ट. परंतु हल्लीं बहुतेक ठिकाणीं मोटारींतून स्टीलचे डबे उतरतात, ते झाडाखालीं उघडले जातात, आणि चार वाजण्याच्या आंत मंडळी घरीं परत. घरीं शिजविलेलें अन्न झाडाखालीं बसून खाल्लें तर त्यास वनभोजन म्हणावें कीं नुसतें स्थलांतरित भोजन म्हणावें, हा वाद आम्ही आमच्या घरांत दरवर्षीं घालतों आणि दरवर्षीं हरतों; कारण निकाल देणारी मंडळीच डबे भरणारी असते.

तथापि तीन धोंडे मांडून तेथल्या तेथें रांधण्याची हौस असलेलीं घरें अजून आहेत, व शाळा-महाविद्यालयांतील मुलांमध्यें तर गडकोटांवर मुक्काम करून शेकोटीवर स्वयंपाक करण्याची आवड वाढतच आहे. त्यांच्याकरितां हे चार शब्द. भात, पिठलें, निखाऱ्यांत खुपसलेलीं वांगीं हे सारे पदार्थ क्षमाशील आहेत. थोडें इकडेतिकडे झालें तरी पोटांत जातात व पचतात. कडधान्य मात्र उघड्यावरच्या चुलीची खरी परीक्षा घेतें, आणि त्यांतही घेवडा.

घेवडा म्हणजे येथें आम्ही श्रावणघेवड्याच्या कोंवळ्या शेंगा म्हणत नसून त्या जातीचें वाळलेलें बीं म्हणत आहों, ज्यास उत्तरेकडे राजमा म्हणतात. सातारा जिल्ह्यांत कोरेगांवच्या बाजूस हें पीक पिढ्यान्‌पिढ्या होतें. तेथील ‘वाघ्या घेवडा’ अंगावरच्या पट्ट्यांमुळें त्या नांवास पात्र झाला, व २०१६ सालीं त्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. मौज अशी, कीं तो आपल्याकडे पिकतो आणि उत्तरेकडील लोक त्याची अधिक चहा करितात. नवीन घेवडा खरिपाच्या अखेरीस बाजारांत येतो, म्हणजे आवळीभोजनाच्या वेळीं तो ताजा असतो. नवें बीं लवकर शिजतें; दोन वर्षें फडताळांत पडलेलें बीं दिवसभर उकळलें तरी दाद देत नाहीं. म्हणून वनभोजनास जुना घेवडा संपविण्याची काटकसर करूं नये.

येथें थोडें विषयांतर केल्यास वाचक क्षमा करतील; जुनी खोड जात नाहीं. आपल्या कडधान्यांचीं नांवें पाहिलीं तर बहुतेकांचें मूळ संस्कृतांत सांपडतें. मूग तो मुद्ग, उडीद तो माष, कुळीथ तो कुलत्थ, हरभरा तो चणक, पावटा तो निष्पाव आणि चवळी ती राजमाष. ‘राजमाष’ हा शब्द ऐकून तो राजम्याचा पूर्वज असावा असें कित्येकांस वाटतें. परंतु आपल्या वैद्यकग्रंथांतील राजमाष म्हणजे चवळीच. घेवड्याचें बीं मूळचें अमेरिका खंडांतलें. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वीं तें आपल्याकडे कोणीं पाहिलेंच नव्हतें. चरक-सुश्रुतांनीं त्याचे गुणदोष सांगावे तरी कसे? चातुर्मास्यांत वर्ज्य मानलेल्या पदार्थांत निष्पाव व राजमाष होतेच. त्यांचा सोयरा म्हणून आमच्या आज्या-पणज्यांनीं घेवड्यासही त्या पंक्तींत बसविलें. ही त्यांची युक्ति शास्त्राधारें होती असें नव्हे. परंतु या पाहुण्याकडे थोडें सावधपणें पाहावें, हा त्यांतला भाव अगदींच निराधार नव्हता, हें पुढील हकीकतीवरून दिसेल.

कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यालयाच्या मुलांचा मुक्काम कृष्णाकांठच्या एका देवळाच्या आवारांत पडला होता. विद्यालयाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. आम्हांस सायंकाळीं मुलांना चार गोष्टी सांगण्यासाठीं बोलाविलें होतें. मुलांनीं मोठ्या उत्साहानें घेवड्याची उसळ करावयास घेतली. घेवडा भिजलेला होता. पण लांकडें ओलसर, पातेलें मोठें, आणि उजेड संपत आलेला. पाणी एकदां सळसळलें, मग जाळ बसला तो बसलाच. दीड तास पातेलें नुसत्या धगीवर राहिलें. वर वाफ दिसत होती, वासही सुटला होता; सर्वांस वाटलें शिजलें. आमचा त्या दिवशीं उपवास होता, म्हणून आम्ही राजगिऱ्याचे लाडू खाऊन गोष्टी सांगत बसलों. मुलांचें जेवण आटोपून दोन तास होतात न होतात तोंच एक मुलगा उठून बाहेर गेला, मग दुसरा, मग चार. मध्यरात्रीपर्यंत निम्मीअधिक मुलें ओकाऱ्या व जुलाब यांनीं बेजार झालीं होतीं. विहिरीचें पाणी बाधलें असें कोणी म्हणाले, कोणी तेलास नांवें ठेविलीं. एका वृद्ध गृहस्थांनीं पारावरच्या दैवताचाही उल्लेख केला. गांवांतील डॉक्टर आले, त्यांनीं पातेल्याच्या तळाचे चार दाणे उचलून चिमटींत दाबले, आणि पहिला प्रश्न विचारला तो हा, कीं पाणी खळखळ किती वेळ उकळलें होतें? उत्तर देण्यास कोणी पुढें आलें नाहीं. मीठ-साखरेचें पाणी पोटांत गेल्यावर पहांटेपर्यंत मुलें सांवरलीं. भाताबरोबर नुसतें ताक घेतलेल्या तीन मुलांना कांहींच झालें नव्हतें. विहीर बिचारी निर्दोष ठरली.

कारण असें आहे. कच्च्या घेवड्यांत एक प्रथिनरूप विष असतें. शास्त्रज्ञ त्यास लेक्टिन या वर्गांत घालतात. तें आंतड्याच्या अस्तरास चिकटून त्यास इजा करतें. चार-पांच कच्चे दाणेही त्रास देण्यास पुरे होतात, व खाल्ल्यापासून एक ते तीन तासांत मळमळ सुरू होते. हें विष खळखळत्या पाण्यांत नाश पावतें. परंतु उकळीच्या खालच्या उष्णतेंत, म्हणजे सुमारें ८० अंशांवर, तास न् तास ठेवलें तरी पुरतें जात नाहीं. उलट अशा मंद धगींत त्याचा उपद्रव कच्च्या दाण्याहूनही अधिक होऊं शकतो. दाणा मऊ पडतो, म्हणून खाणारा फसतो व जास्त खातो. ब्रिटनमध्यें १९७६ सालीं सुट्टींत बाहेर गेलेलीं शाळकरी मुलें नुसता भिजविलेला घेवडा खाऊन अशींच आजारी पडलीं होतीं, व त्यानंतर तेथें तसेच प्रकार घडत गेल्यावर १९८० सालीं तेथील वैद्यकीय नियतकालिकांतून या गोष्टीची वाच्यता झाली. आपल्याकडे घरोघर प्रेशर कुकर असल्यानें हा धोका सहसा अनुभवास येत नाहीं. कुकरांत उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते; तेथें विषाची डाळ शिजत नाहीं. धोका आहे तो कुकर घरीं ठेवून तीन धोंड्यांकडे वळणाऱ्यांस.

मग वळूंच नये कीं काय? छे! नीट वळावें. घेवडा आदल्या रात्रीं भरपूर पाण्यांत भिजत घालावा. आठ-दहा तास हवेत. कुळिथाचें भिजवण आपण टाकीत नाहीं, पण घेवड्याचें बिनदिक्कत टाकावें व दाणे दोनदां धुवावे. अर्धा किलो घेवडा दहा माणसांच्या पंगतीस पुरे होतो. शिजविण्यास घरचें गोडें पाणी न्यावें. दुष्फेन पाण्यांत, म्हणजे ज्यांत साबणाचा फेंस येत नाहीं अशा पाण्यांत, कडधान्याची साल घट्ट होऊन बसते. पातेल्याच्या बुडास बाहेरून ओल्या मातीचा लेप दिला तर भांडें घासणारीचे शिव्याशाप टळतात. उकळी फुटल्यापासून घड्याळ लावून निदान अर्धा तास पाणी खळखळत राहिलें पाहिजे. या अर्ध्या तासांत चुलीपुढून उठावयाचें नाहीं, गाणीं म्हणावयाचीं असल्यास तेथेंच बसून म्हणावीं. त्यानंतर जाळ कमी केला तरी चालेल. मग तास-सव्वा तास सावकाश शिजूं द्यावें. पातेल्यावर खोलगट झांकण ठेवून त्यांत पाणी घालावें, व आंतलें आटलें कीं तेंच ऊन पाणी आंत ओतावें. थंड पाण्याची धार ओतली कीं उकळी मोडते.

चिंच, आमसूल, टोमॅटो यांपैकीं कांहींही दाणा पुरता शिजेपर्यंत पातेल्याजवळ आणूं नये. आंबटानें साल मऊ होत नाहीं. गुळाचेंही तसेंच. सोडा घातल्यास दाणा लवकर गळतो खरा, पण त्यांतील एक जीवनसत्त्व नष्ट होतें व चवही साबणासारखी लागते. आमचें मत विचाराल तर सोड्याची पुडी घरींच विसरावी. दाणे पाहतांना वरवरचा एक उचलूं नये. पळीनें तळ ढवळून पांच निरनिराळे घ्यावे, व पांचही अंगठ्याखालीं लोण्यासारखे दबले तरच फोडणीची तयारी करावी. फोडणी, गोडा मसाला, खोबरें, दाण्याचें कूट यांविषयीं आम्ही लिहिणें म्हणजे लहान तोंडीं मोठा घास. त्या बाबतींत आम्ही जन्मभर खाणाराच्या बाजूस राहिलों आहों.

डोंगरावर मुक्काम करणारांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. उंची वाढते तसा हवेचा दाब कमी होतो व पाणी कमी उष्णतेवर उकळतें. साधारण ३०० मीटरांस एक अंश असा हिशेब धरावा. सांगलीस हा फरक दोन अंशांपेक्षां फारसा नाहीं. पण महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३५० मीटर उंच, तेथें पाणी साडेपंचाण्णव अंशांच्या सुमारास उकळूं लागतें. बुडबुडे तेच दिसतात, परंतु दाण्यास लागणारी आंच कमी. सबब तेथें अर्ध्या तासाचा पाऊण तास करावा, व पुढील शिजविणेंही त्या मानानें वाढवावें. वारा असेल तर चुलीस तिन्ही बाजूंनीं दगड-मातीचा आडोसा केल्यावांचून उकळी टिकतच नाहीं. धोंडे मात्र ओढ्याच्या पात्रांतले घेऊं नयेत. आंत पाणी मुरलेला दगड तापला म्हणजे फुटतो, व त्याच्या कपच्या उडतात.

ज्यांस एवढें पथ्य झेपणार नाहीं त्यांनीं हुलगा न्यावा. आमच्याकडे कुळिथास हुलगाच म्हणतात. माण-खटावच्या हलक्या, कोरड्या जमिनींत येणारें हें धान्य. मेंढरांमागें हिंडणाऱ्या धनगरास, लोणंद, तरडगांव, फलटण, बरड असे ज्ञानोबामाउलींच्या पालखीबरोबर मुक्काम करीत जाणाऱ्या वारकऱ्यास, दोघांसही तें सोसतें. त्याचें पीठ करून नेलें कीं भिजविणें नको, निवडणें नको. लसूण-जिऱ्याच्या फोडणीच्या आधणांत पीठ पेरलें कीं घटकाभरांत पिठी तयार. त्याच पिठाचीं शेंगोळीं वळून रश्शांत सोडलीं तर मुलें भांडून खातात, आणि वळण्यास तेवढे जास्त हात कामास लागतात.

आणि पौष-माघांत ज्यांस कोणा शेतकऱ्याचें आमंत्रण असेल त्यांनीं भांडेंही नेऊं नये. घाटे भरलेला हरभरा मुळासकट उपटावा, वाळक्या पाचोळ्याचा जाळ करून त्यावर धरावा, साल करपली कीं विझवून घाटे हातावर चोळावे व फुंकून खावे. यास आपण हुळा म्हणतों, कोणी हावळा म्हणतात. रायगडाकडे वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्याबरोबर मडक्यांत भरून, तें पालथें घालून सभोंवार जाळ करितात, ती पोपटी याचीच थोरली बहीण. भावप्रकाश या वैद्यकग्रंथांत गवताच्या जाळावर भाजलेल्या अर्धवट पक्व शेंगाधान्यास ‘होलक’ असें नांव आहे. आपला हुळा त्या होलकाचाच वंशज. होळी हा शब्दही येथूनच निघाला असें कांहीं पंडित मानतात. आम्हांस ती व्युत्पत्ति पटते. परंतु हुळा खातांना ती सांगूं गेलें तर ऐकणारांचीं तोंडें व हात इतके काळे झालेले असतात, कीं कोणी मान वर करून पाहत नाहीं.

जाळ कोठें करावा यासंबंधीं मात्र आम्ही थट्टा करणार नाहीं. कासचें पठार २०१२ पासून जागतिक वारसास्थळांत मोडतें. कोयना व चांदोलीचीं रानें २०१० पासून सह्याद्रि व्याघ्रप्रकल्पांत आहेत. राखीव वनांत विस्तव करणें हा १९२७ च्या वनकायद्यानें अपराध आहे. आणि कायदा नसता तरी, माघ-फाल्गुनांतील वाळल्या गवतांत पडलेली एक ठिणगी सबंध डोंगर काळा करून जाते, हें साताऱ्याच्या कोणत्याही माणसानें आपल्या गच्चीवरून पाहिलें आहे. त्या गवतांत भूमीवर घरटीं करणारे पक्षी असतात, पावसाळ्यांत फुलावयाचीं बीजें असतात. तेव्हां चूल मांडावी ती पीक निघालेल्या शेतांत, मालकास विचारून, गंजीपासून व उसापासून दूर. भोंवतालचें दोन हात गवत खुरप्यानें काढून टाकावें. कण्हेर, शेर, रुई यांचें सरपण वापरूं नये. वाळलेली बाभूळ मिळाल्यास तिच्यासारखे निखारे दुसऱ्या लांकडाचे पडत नाहींत. निघतांना चुलींत दोन घागरी पाणी ओतावें, काठीनें राख उकरावी, पुन्हां ओतावें, आणि मग उपडा हात राखेवर धरून पाहावा. ऊब लागली तर तिसरी घागर आणण्यास सर्वांत धाकट्या मुलास धाडावें. तोंपर्यंत मोटारीचें दार कोणींही उघडूं नये.