ब्रॅडगेटचे रान

इंग्लंडात लेस्टर शहराजवळ ब्रॅडगेट पार्क आहे. ही फुलबाग नव्हे. उमरावांनी शिकारीसाठी राखलेले हे हरणांचे रान. तेथील विटांच्या वाड्यात, जो आज भग्न आहे, लेडी जेन ग्रे हिचे बालपण गेले. १५५० साली ॲस्कम नावाचे पंडित तेथे आले, तेव्हा घरची मंडळी शिकारीत रमली होती. जेन मात्र प्लेटोचा ग्रीक ग्रंथ वाचीत बसली होती. १५५३ मध्ये वडीलधाऱ्यांच्या महत्त्वाकांक्षेपायी ती राणी झाली. नऊ दिवसांत राज्य गेले, पुढील वर्षी तिचा शिरच्छेद झाला. त्या शोकाने रानातील ओक वृक्षांचे शेंडे छाटले गेले, असे लोक सांगतात. लाकूडफाट्यासाठीही शेंडे छाटीत, हे मात्र विसरू नये. १९२८ साली चार्ल्स बेनियन या उद्योजकाने हे रान विकत घेऊन लोकांस अर्पण केले. आता त्या पडक्या भिंतींच्या आसपास कोणीही हिंडावे. हरणे तेथेच चरत असतात.