सावनेरमार्गे नागपूर : एका हास्याची सहल

बालरोगतज्ज्ञाच्या तपासणीच्या खोलीत दिवसभर रडणेच अधिक ऐकू येते. तरीही हसण्याशी आमचा व्यावसायिक संबंध जवळचा आहे. बाळ सहा ते आठ आठवड्यांचे झाले की आईच्या चेहऱ्याकडे पाहून स्मित करू लागते आणि चौथ्या महिन्याच्या सुमारास आवाज काढून खळखळून हसते. ‘बाळ हसते का?’ हा प्रश्न आम्ही केवळ कौतुकाने विचारीत नाही; वाढीच्या नोंदीत त्याला स्थान आहे. मोठी माणसे शेवटची केव्हा मनमोकळी हसली, याची नोंद मात्र कोणी ठेवीत नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांनंतर तर आम्हां डॉक्टरांच्या घरांतून हसणे जणू हद्दपार झाले होते.

त्या दिवसांत आमच्या घरी रात्रीच्या जेवणाला सोबत असे ती ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ची. २०१८ साली सोनी मराठी वाहिनीवर सुरू झालेल्या या कार्यक्रमातील समीर चौघुले, विशाखा सुभेदार, प्रसाद खांडेकर, नम्रता संभेराव ही मंडळी आमच्या घरचीच होऊन गेली होती. त्यांच्यापैकी काही जण एकत्र येऊन २०२१ च्या डिसेंबरात ‘कुर्रर्र’ हे नाटक रंगभूमीवर आले. लेखन-दिग्दर्शन खांडेकरांचेच. पुढील वर्षी त्याचा प्रयोग नागपूरला असल्याचे कळताच आम्ही बेत ठरविला. ऐंशी वर्षांची माझी आई, पत्नी, पंधरा वर्षांची कन्या आणि मी असे चौघे पांढुर्ण्याहून, तर एक डॉक्टर मित्र सहकुटुंब सौंसरहून निघणार होते. दवाखान्याची एका दिवसाची जबाबदारी दुसऱ्या सहकाऱ्याने आनंदाने स्वीकारली.

पांढुर्ण्याचा आणि सौंसरचा, असे नागपूरला जाणारे दोन्ही रस्ते सावनेरला एकत्र येतात. आमच्या दोन गाड्यांची भेटही तिथेच ठरली होती. चहा घेता घेता आईने सहज आठवण काढली, “गडकरी इथंच गेले ना रे?” खरेच होते. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी याच सावनेरात, वयाची चौतिशीही न गाठता, निवर्तले. ‘बाळकराम’ या नावाने महाराष्ट्राला हसविणारा आणि ‘एकच प्याला’तील तळीरामाला जन्म देणारा हा माणूस जन्मला होता गुजरातेत, नवसारीला. मराठी मुलखाबाहेर बालपण गेलेला मुलगा मराठी विनोदाचा धनी झाला, हा विचार त्या वेळी मनात आला आणि संध्याकाळी पुन्हा आठवला.

वाटेत कन्येने विचारले, “बाबा, कुर्रर्र म्हणजे काय?” उत्तर आजीने दिले. “तुझ्या बारशाला तुझ्या आत्यानं तुझ्या कानात नाव सांगितलं आन् कुर्रर्र केलं. मग आम्ही साऱ्या बायांनी तिच्या पाठीवर धपाटे घातले!” कन्या हसली; पण ते हसणे आजीच्या हावभावांना होते. शब्द तिच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता.

डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात आम्ही एका रांगेत बसलो. घरात पाळणा हलण्याची वाट पाहणाऱ्या कुटुंबाची ती गोष्ट. नाटक रंगत गेले तसा माझा डोळा रंगमंचावरून वारंवार शेजारी वळू लागला. आईच्या कानात श्रवणयंत्र आहे, कन्येचे कान ठणठणीत आहेत. परंतु प्रत्येक विनोदाला आधी आई हसे, मग आम्ही दोघे, आणि आमच्याकडे पाहून, क्षणभर उशिरा, कन्या. एखादी खास मुंबईची कोटी आम्हां साऱ्यांच्याच डोक्यावरून जाई, ही गोष्ट वेगळी. मध्यंतरात कन्या प्रामाणिकपणे म्हणाली, “मजा येतेय, पण सगळे का हसले ते मला नंतर कळतं.”

हे वाक्य मला लागले. वैद्य म्हणून मी जाणतो की सोबतीत हसू सहज येते. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन संशोधकाला असे आढळले होते की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट अधिक चारचौघांत हसतो. म्हणूनच दूरचित्रवाणीवर पाहिलेली मंडळी प्रत्यक्ष पाहण्यासाठी माणसे इतका प्रवास करतात. परंतु चारचौघांत बसूनही भाषेपायी एकटे पडता येते, हे त्या खुर्चीवर बसून मी प्रथमच पाहिले.

त्यात दोष मुलीचा नव्हता. १९५६ पर्यंत नागपूर हीच आमच्या प्रांताची राजधानी होती. राज्यांची पुनर्रचना झाली आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. हिंदीने आम्हांला पुष्कळ दिले. तिच्याविषयी तक्रार नाही. मात्र माझ्याकडे येणारे कित्येक तरुण आईबाप सांगतात, “डॉक्टरसाहेब, बाळाचा गोंधळ होऊ नये म्हणून घरी मराठी बोलणं बंद केलं.” घरात दोन भाषा असल्याने मुलाच्या बोलण्यात दोष निर्माण होतो, हा समज शास्त्राला मान्य नाही. मूल दोन भाषा सहज पेलते. हे मी इतरांना वर्षानुवर्षे सांगत आलो. आणि माझ्या घरी मात्र अभ्यासाच्या, गुणांच्या, वेळापत्रकाच्या गप्पा हिंदी-इंग्रजीत चालत राहिल्या. मराठी उरली ती आजीच्या खोलीपुरती. मुलीला मराठी समजत होती, पण तिच्या खोड्या समजत नव्हत्या. आणि विनोद तर भाषेच्या खोड्यांतच राहतो.

परतताना सावनेर मागे पडले. गाडीत सारे पेंगुळले होते. एकाएकी मागच्या आसनावरून आवाज आला, “आजी, तो आत्याचा किस्सा पुन्हा सांग ना.” आईने सांगितला, या वेळी अधिक मीठमसाला लावून, कोणत्या मावशीने किती जोरात धपाटा घातला आणि आत्या कशी किंचाळली, सारे नकलेसह. या वेळी कन्या वाक्य संपण्याआधीच हसली. मग आजीच्या श्रवणयंत्राजवळ तोंड नेऊन तिने दीर्घ ‘कुर्रर्र’ केले. त्या दोघी मोहगावच्या फाट्यापर्यंत हसत होत्या.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून आमचा स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याच्या गरजांच्या याद्या पुष्कळ झाल्या. आमच्या मंडळापुढे माझी मागणी लहानशी आहे : वार्षिक स्नेहसंमेलनात भाषणांची अर्धी वेळ कापून मुलांकडून एक मराठी प्रहसन बसवून घ्यावे, आणि तालमींना आजी-आजोबांना बोलवावे. खर्च काही नाही. दुष्परिणाम माझ्या पाहण्यात नाहीत. आणि घरी परतल्यावर प्रत्येकाने एवढे पाहावे : आपल्या घरात आजी आणि नात एकाच क्षणी हसतात का?