स्पॅनिशचा पहिला मास्तर

मराठीत एम्. ए. करून पुढे काय, हा प्रश्न दर जूनला एखादे तरी वडील मला विचारतातच. मी तो मनाला लावून घेत नाही. ह्याच जातीचा प्रश्न एकदा साक्षात एका राणीने विचारला होता, आणि तोही स्वतःच्या मातृभाषेविषयी!

राणी स्पेनची इसाबेला. तिच्यापुढे होता आंतोनियो दे नेब्रिहा, लॅटिनचा नामांकित अध्यापक. कास्तिलियन, म्हणजे आपण जिला स्पॅनिश म्हणतो त्या भाषेच्या व्याकरणाचा नमुना त्याने सालामांका येथे राणीला दाखवला. व्याकरण असावे ते लॅटिनला, असा तो काळ. राणीने विचारले, ह्याचा उपयोग काय? नेब्रिहाने तोंड उघडण्यापूर्वीच आविलाचे बिशप बोलून गेले की, जिंकलेल्या प्रजेला आपली भाषा शिकवायला हे कामी येईल. (उत्तर गोड नाही, पण खोटेही नाही. कॅरीसाहेबाने १८०५ साली श्रीरामपूरला मराठीचे व्याकरण छापले, ते काही आपल्या मुलांसाठी नव्हे.)

नेब्रिहाचा जन्म १४४४ च्या सुमाराचा, सेव्हिलजवळच्या लेब्रिहा गावचा. एकोणिसाव्या वर्षी तो इटलीत बोलोन्याला गेला आणि परतला तो स्पेनमधले गचाळ लॅटिन सुधारण्याचा विडा उचलूनच. १४८१ साली निघालेले त्याचे लॅटिनचे पाठ्यपुस्तक धडाक्याने खपले. स्पॅनिश व्याकरण छापून झाले १४९२ च्या १८ ऑगस्टला. कोलंबसाची गलबते बंदर सोडून तेव्हा जेमतेम पंधरा दिवस झाले होते! पुस्तकाचा पाचवा भाग खास परकीयांसाठी आहे. म्हणजे आज परदेशी विद्यार्थ्यांना स्पॅनिश शिकवणाऱ्या साऱ्या मास्तरांचा मूळपुरुष हाच. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याचा स्पॅनिश-लॅटिन कोश आला, त्यात ‘कानोआ’ म्हणजे होडी हा अमेरिकेतला शब्दही येऊन बसला. व्याकरणाचे नशीब मात्र कोशासारखे नव्हते. त्याची दुसरी आवृत्ती निघायला अडीचशे वर्षे लागली.

बोलावे तसे लिहावे, हा त्याचा आग्रह. ऱ्हस्व-दीर्घाचे पेपर तपासताना मला त्याचा हेवा वाटतो!

पण खरा घाव बसला तो १५१३ साली. सालामांकात व्याकरणाच्या आसनासाठी ह्या जवळजवळ सत्तरीच्या पंडिताने अर्ज केला, आणि विद्यापीठाने ते आसन एका तरुण उमेदवाराला दिले. ज्याच्या पुस्तकावर अवघा देश लॅटिन शिकला, त्याला! म्हातारा उठला आणि चालू लागला. कार्डिनल सिस्नेरोस यांनी आपल्या आल्काला विद्यापीठात त्याला सन्मानाने ठेवून घेतले. त्याने हवे ते शिकवावे, आणि शिकवावेसे वाटले नाही तर शिकवू नये, अशी त्यांची आज्ञा होती म्हणतात. एवढी मोकळीक मिळूनही गृहस्थ स्वस्थ बसला नाही. १५१७ साली त्याने स्पॅनिशच्या शुद्धलेखनावर पुस्तक काढले, आणि १५२२ मध्ये आल्कालालाच त्याचा अंत झाला. तोवर तो सेवानिवृत्त झालेला नव्हता.